गळ नाकात, दात शेपटीवर: हॅलिबटसाठी जिवंत आमिष कसं लावायचं

गळ वर ओढला तेव्हा सार्डिन अजून गळालाच होती. नाकातला गळ जिथे टोचला होता तिथेच होता, तसूभरही हलला नव्हता. पण अंगाच्या मध्यापासून शेपटीपर्यंत तिचे दोन्ही बाजूंचे खवले खरवडून निघाले होते. बारीक फणी दाबून ओढावी तशा समांतर रेघा, आणि पोटाशी दोन-तीन खोल भोकं. खाली हॅलिबट आला होता, त्यानं घास पकडला होता, क्षणभर धरूनही ठेवला होता. मी काठी उचलली, त्यानं तोंड उघडलं, आणि हातातोंडाशी आलेला मासा गेला.

हॅलिबटचा गळ कसा बांधायचा हे मला त्या सार्डिननं शिकवलं. दात पडले तिथे गळ नव्हता, आणि गळ होता तिथे दात पडले नव्हते. दोन्हींत अंतर जेमतेम चार इंच. हे चार इंच कसे मिटवायचे आणि ते मिटवताना आमिष जिवंत, मोकळं पोहतं कसं ठेवायचं, हा खरा प्रश्न आहे. गळाचा नंबर, दोऱ्याची लांबी, शिशाचं वजन, सगळं ह्या एका प्रश्नाभोवती फिरतं.

आधी कोणता हॅलिबट ते ठरवू, कारण हे नाव एकाच माशाचं नाही. अलास्का आणि ब्रिटिश कोलंबियाच्या थंड पाण्यात पॅसिफिक हॅलिबट राहतो. त्यातले ४०० पौंडांच्या वरचेही गळाला लागले आहेत. अशा धुडाला तिकडे ‘बार्न डोअर’ म्हणतात, म्हणजे गोठ्याचं दार. तो खोल पाण्यात असतो, वास घेत येतो, आणि त्याला सहसा मेलेलं आमिष लावतात: हेरिंग, ऑक्टोपस, सामनचे तुकडे. जिवंत आमिषाची खरी कला लागते ती कॅलिफोर्निया हॅलिबटसाठी. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपासून सॅन दिएगोपर्यंत आणि पुढे मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला तो उथळ, वाळूच्या तळावर असतो. राज्याच्या नोंदीतला सगळ्यात मोठा, ६७ पौंडांचा, २०११ साली सँटा रोझा बेटाजवळ मिळाला. रोज गळाला लागणारे मासे अर्थातच ह्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. ह्या लेखात हॅलिबट म्हणजे कॅलिफोर्निया हॅलिबट.

तो खातो कसा

हा चपट्या माशांतला, लेपीचा लांबचा भाऊबंद. पण लेपीचं तोंड लहान आणि वाकडं असतं. ह्याचा जबडा डोळ्याच्याही मागे पोचतो आणि त्यात टोकदार दातांची रांग असते. अंड्यातून बाहेर येतो तेव्हा तो इतर माशांसारखाच उभा पोहतो, एक डोळा इकडे, एक तिकडे. वाढता वाढता एक डोळा डोक्यावरून सरकत पलीकडच्या डोळ्याशेजारी येतो, आणि मासा रिकाम्या बाजूवर आडवा होऊन तळावरचं आयुष्य सुरू करतो. शास्त्रज्ञांनी त्याला डाव्या बाजूला डोळे असणाऱ्या कुळात घातलंय, तरी ह्या जातीत उजवीकडे डोळे असलेलेही भरपूर सापडतात.

तळावर टेकला की तो परांनी वाळू उडवून अंगावर घेतो. पाठीचा रंग वाळूसारखा, बाहेर फक्त दोन डोळे. ताकास तूर लागू देत नाही. डोळे वरच्या बाजूला असल्यामुळे त्याची सगळी शिकार त्याच्या दृष्टीनं ‘वरून जाणारी’ असते. एखादा छोटा मासा वाळूपासून हात-दीड हातावरून पुढे गेला की तो खालून आणि मागून उसळतो. साहजिकच पहिला चावा बसतो पोटाला किंवा शेपटीकडच्या अर्ध्या भागाला. घास तोंडात घट्ट धरून तो पुन्हा तळाला जातो, तिथे थांबतो, आणि मग घास फिरवून गिळतो.

ह्यातून तीन गोष्टी निघतात. आमिष तळाच्या अगदी जवळ पाहिजे, पण तळावर लोळता कामा नये. ते डोकं पुढे ठेवून सरळ पोहत गेलं पाहिजे. आणि चावा मागून येणार हे धरूनच गळ लावला पाहिजे.

गळापेक्षा आमिष महत्त्वाचं

माझं ठाम मत आहे की महागडा गळ आणि मरगळलेली सार्डिन ह्यापेक्षा साधा गळ आणि तरतरीत सार्डिन केव्हाही चांगली. म्हणून गळाकडे जाण्याआधी आमिषाचं बोलतो.

कॅलिफोर्नियात जिवंत आमिष बंदरातल्या तरंगत्या पिंजऱ्यांतून मिळतं. जाळ्यानं पकडलेल्या अँचोव्ही आणि सार्डिन तिथे ठेवलेल्या असतात आणि त्या ‘स्कूप’च्या हिशेबानं, म्हणजे जाळीच्या झाऱ्याच्या मापानं होडीच्या टाकीत ओतल्या जातात. तिथे विचारायचा एक प्रश्न असतो: माल कधीचा आहे? कालच जाळ्यात आलेली अँचोव्ही फार नाजूक असते. धक्क्यानं खवले गळतात आणि ती तासाभरात माना टाकते. काही दिवस पिंजऱ्यात राहून जी टिकली ती दणकट असते. अशा मालाला तिकडे ‘क्युअर्ड’ म्हणतात.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत अँचोव्हीबरोबर शायनर पर्च नावाचा छोटा, रुंद मासाही आमिष म्हणून चालतो. तो चिवट आहे, गळावर बराच वेळ टिकतो. धक्क्याच्या खांबांजवळ ‘सबिकी’ सोडून, म्हणजे एका दोऱ्यावर बारीक गळांची माळ लावून, हे पर्च किंवा स्मेल्ट नावाचे छोटे मासे आपले आपण पकडता येतात.

होडीवरची टाकी गोल असावी. चौकोनी टाकीत मासे कोपऱ्यात दाटतात आणि नाकं आपटून घेतात. पाणी सतत आत-बाहेर खेळतं हवं. मेलेला मासा दिसला की लगेच काढायचा. आणि गर्दी करायची नाही. दहा जास्तीच्या माशांच्या मोहात सगळी टाकी घायकुतीला येते.

टाकीतून मासा निवडताना सगळ्यात सहज हाती येणारा घेऊ नका. जो पकडायला सोपा तो आधीच थकलेला. पाठ हिरवी-निळी चमकणारी, खवले पूर्ण, नाक लाल झालेलं नाही, आणि झारा आला की पळणारा, असा घ्या. हात आधी समुद्राच्या पाण्यात ओले करा. कोरड्या हाताला माशाचा बुळबुळीत थर चिकटून येतो, आणि तो थर म्हणजे त्याची कातडी वाचवणारं आवरण. मूठ आवळायची नाही. बोटांची ओंजळ करून पोट तळव्यावर येऊ द्यायचं. मासा हातातून डेकवर पडला तर तो गळाला लावू नका, दुसरा घ्या. पडलेली सार्डिन पाण्यात सोडली की दोन मिनिटं पोहते आणि मग एका अंगावर कलते. खाली काय चाललंय ते तुम्हाला वरून दिसत नाही, तुम्ही अर्धा तास मेलेलं आमिष ओढत बसता.

गळाचे नंबर

नवख्या माणसाला गळाचे आकडे गोंधळात टाकतात, कारण ते दोन दिशांना पळतात. साध्या आकड्यांत आकडा वाढला की गळ लहान होतो: ६ नंबरचा गळ ४ पेक्षा लहान, ४ हा २ पेक्षा लहान, २ हा १ पेक्षा लहान. १ च्या पुढे मात्र आकड्यामागे तिरकी रेघ आणि शून्य येतं, आणि तिथून आकडा वाढला की गळ मोठा होतो: १/०, मग २/०, मग ३/०. बोलताना ‘वन-ऑट’, ‘टू-ऑट’ म्हणतात. ह्या मापांना सगळ्या कारखान्यांत एकच प्रमाण नाही. एकाचा १/० दुसऱ्याच्या २/० एवढा असू शकतो. त्यामुळे नुसत्या आकड्यावर विसंबू नका, गळ आमिषाशेजारी धरून पाहा.

गळाचं माप हॅलिबटवरून ठरवायचं नसतं, आमिषावरून ठरवायचं असतं. हे अनेकांना उलटं वाटतं. मासा मोठा हवा म्हणून ते मोठा गळ घेतात, आणि बोटाएवढी अँचोव्ही त्या लोखंडाच्या ओझ्यानं नाक खाली घालून बुडते. अँचोव्हीला बारीक तारेचा ४ ते १ नंबर, मध्यम सार्डिनला १/० ते २/०, त्याहून मोठ्या मॅकरेलला ३/० किंवा ४/०. दांडी आखूड हवी, म्हणजे वजन कमी आणि नाकापुढे लोंबकळत नाही. टोकाची धार अंगठ्याच्या नखावर तपासा: टोक हलकेच टेकवून सरकवलं तर ते नखात रुतून थांबलं पाहिजे. घसरलं, तर तो गळ बाजूला ठेवा.

कुठे टोचायचं

जिथे मासा ओढला जाणार, तिथे टोचायचं. होडी प्रवाहाबरोबर वाहत असते, दोरा आमिषाला पुढे नेत असतो. गळ नाकात असेल तर सार्डिन डोकं पुढे ठेवून, पोहत असल्यासारखी जाते. पाठीत किंवा शेपटीत असेल तर ती आडवी किंवा उलटी ओढली जाते, कल्ल्यांत पाणी चुकीच्या बाजूनं शिरतं आणि ती लवकर दमते.

सार्डिनच्या डोळ्यांच्या पुढे, नाकपुड्यांच्या जागी एक कडक, अर्धपारदर्शक भाग असतो. उजेडाकडे धरलं तर तो स्पष्ट दिसतो. गळ एका बाजूच्या नाकपुडीतून घालून दुसऱ्या बाजूनं बाहेर काढायचा, आडवा. नीट गेला तर हलकीशी ‘कट’ जाणवते आणि रक्त येत नाही. रक्त आलं तर टोचणं मागे गेलंय.

पुष्कळ जण खालच्या ओठातून वर असा दोन्ही ओठ शिवून गळ काढतात. पकड चांगली बसते हे खरं. पण मासा तोंडातून पाणी आत घेतो आणि कल्ल्यांतून बाहेर सोडतो; तोंड शिवलं की त्याचा श्वासच कोंडतो. मॅकरेलसारख्या जाड ओठांच्या माशाला किंवा शायनर पर्चला फक्त वरच्या ओठातून गळ काढता येतो. तोंड मोकळं राहतं.

अँचोव्हीचं नाक फार मऊ. तिला कल्ल्याच्या झाकणामागे जी हाडाची कड असते, तिकडे ‘कॉलर’ म्हणतात, तिथून गळ काढण्याचीही पद्धत आहे. आमिष लांब फेकायचं असेल तर ती चांगली, कारण गळ निसटत नाही. वाहत्या होडीवरून तळाशी सोडायचं असेल तर मी अँचोव्हीलाही नाकातच टोचतो आणि वारंवार बदलतो.

दुसरा गळ

आता त्या चार इंचांकडे येऊ. नाकातला गळ आमिषासाठी योग्य जागी आहे, हॅलिबटसाठी चुकीच्या. म्हणून मागे दुसरा, लहान गळ लावतात. ह्या मांडणीला ‘ट्रॅप रिग’ म्हणतात. पुढचा गळ आमिष ओढतो, मागचा माशाला अडकवतो.

मागचा गळ बहुधा ट्रेबल, म्हणजे एका दांडीवर तीन टोकं असलेला, ६ किंवा ४ नंबरचा. तो बांधायचे दोन मार्ग. काही जण पुढच्या गळाच्या बाकाला वेगळा दोऱ्याचा तुकडा बांधून त्याला ट्रेबल लावतात. मला दुसरा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो. लीडरचं, म्हणजे मुख्य दोऱ्याच्या पुढे गळासाठी जोडलेल्या दोऱ्याच्या तुकड्याचं, टोक पुढच्या गळाच्या डोळ्यातून, म्हणजे दांडीच्या वरच्या भोकातून, घालायचं, दांडीवर सात-आठ घट्ट वेढे देऊन आवळायचं (ह्याला ‘स्नेल’ म्हणतात), आणि उरलेली शेपटी न कापता लांब ठेवायची. त्या शेपटीच्या टोकाला ट्रेबल बांधायचा. दोन्ही गळ एकाच अखंड दोऱ्यावर येतात आणि एक जादा गाठ वाचते.

ह्या दोन गळांमधलं अंतर आधी ठरवून चालत नाही. त्या दिवशी टाकीत जी सार्डिन आहे तिच्यावर मोजावं लागतं. नाकात पुढचा गळ घातल्यासारखा धरा, दोरा अंगावरून मागे न्या, आणि ट्रेबल गुदद्वाराच्या थोडा पुढे किंवा त्याच्या वर, पाठीवरच्या परापासून दूर अशा जागी पोचतो का पाहा. पोचल्यावरही दोऱ्यात बोटभर ढील राहिली पाहिजे. बांधणाऱ्याची चूक नेमकी इथे होते. दोरा ताठ असेल तर सार्डिनला शेपटी हलवता येत नाही. ती धनुष्यासारखी वाकते आणि पाण्यात गिरक्या घेते. गिरक्या घेणाऱ्या आमिषाकडे हॅलिबट बघतही नाही, वर लीडरला पीळ पडतो तो वेगळाच. उलट ढील जास्त झाली तर दोऱ्याचा फास शेपटीत अडकतो.

ट्रेबलच्या तीन टोकांपैकी एकच टोक टोचायचं, तेही फक्त कातडीखालून, मांसात नाही. उरलेली दोन बाहेर मोकळी. पोटाच्या बाजूला लावला तर खालून येणाऱ्या तोंडाला तो अगदी समोर मिळतो, पण समुद्री गवत असलेल्या तळावर प्रत्येक पाती त्यात अडकते. स्वच्छ वाळू असेल तर पोटाशी, गवत असेल तर पाठीवर.

ट्रेबलबद्दल माझ्या मनात एक गाठ आहे, ती सांगायलाच हवी. कॅलिफोर्नियात २२ इंचांपेक्षा लहान हॅलिबट ठेवता येत नाही. अशा लहान माशांना तिकडे ‘शॉर्ट’ म्हणतात, आणि चांगल्या दिवशी सुद्धा ठेवता येईल अशा एका माशामागे कित्येक शॉर्ट लागतात. लहान माशानं ट्रेबल खोल गिळला तर तीन टोकं तीन दिशांना रुततात. असा एक शॉर्ट मी सोडला आणि तो पोट वर करून वाहत गेला. त्या दिवसापासून मी पक्कड घेऊन ट्रेबलच्या तिन्ही टोकांचे उलटे काटे चपटे करतो, आणि शॉर्टच शॉर्ट लागायला लागले की ट्रेबल काढून मागे एकच साधा लहान गळ बांधतो. पकड किंचित कमी बसते. ते मला चालतं.

ह्याहून वेगळा पर्याय म्हणजे सर्कल हुक. त्याचं टोक दांडीकडे वळलेलं असतं. मासा तो गिळून दूर जातो, दोरा ताणला जातो, गळ घशातून सरकत बाहेर येतो आणि जबड्याच्या कोपऱ्याशी आला की फिरून तिथेच रुततो. उत्तरेकडच्या पॅसिफिक हॅलिबटच्या व्यावसायिक मासेमारीत १९८० च्या दशकात हाच गळ रूढ झाला. पण त्याला एक शिस्त लागते: झटका अजिबात द्यायचा नाही, फक्त दोरा ताणत जायचं. झटका दिलात तर तो तोंडातून तसाच बाहेर येतो. कॅलिफोर्निया हॅलिबट आमिष नुसतं दातांत धरून ठेवतो, त्यामुळे सर्कल हुकला जास्त धीर लागतो.

गळाच्या आकारानं माशाचा आकार निवडता येतो, ही कल्पना काही नवी नाही. अलास्काच्या किनाऱ्यावरचे त्लिंगिट आणि हैदा लोक पॅसिफिक हॅलिबटसाठी लाकडी गळ करत. इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन लाकडी हात, मुळांच्या दोरीनं एकत्र बांधलेले, एका हाताला हाडाचा आणि पुढे लोखंडाचा काटा, आणि दुसऱ्यावर कोरलेली आकृती. आमिष त्याला बांधून ठेवत. दोन हातांमधल्या फटीत लहान माशाचं तोंड पुरेसं फाकत नसे आणि अतिप्रचंड माशाचं तोंड आत शिरत नसे. मधल्या आकाराचा, होडीत घेता येईल असाच मासा अडके. माशाच्या तोंडाचं मोजमाप घेऊन बनवलेला गळ, तोही पाण्याखाली कधी न बघता. ह्या कारागिरीबद्दल मला अतोनात आदर वाटतो.

दोरा, लीडर, शिसं

रिळावरचा मुख्य दोरा विणलेला, म्हणजे ब्रेड, २० ते ३० पौंडांचा, म्हणजे तेवढा ताण सोसणारा. तो बारीक असतो, त्यामुळे प्रवाह त्याला कमी ढकलतो आणि हलक्या शिशावर काम भागतं. तो ताणला जात नाही, म्हणून तळावरची प्रत्येक टकटक बोटापर्यंत पोचते.

पुढचा लीडर फ्लुरोकार्बनचा, १५ ते २५ पौंडांचा. फ्लुरोकार्बन पाण्यात दिसत नाही असं सांगून विकतात. तो साध्या नायलॉनच्या तंगुसापेक्षा कमी दिसतो हे बरोबर आहे, पण माझ्या लेखी त्याचे दोन गुण जास्त कामाचे: तो नायलॉनपेक्षा बराच जड असल्यामुळे बुडतो आणि आमिषाला तळाजवळ राहू देतो, आणि दातांना व वाळूला घासून लवकर झिजत नाही.

शिसं लावायच्या दोन मुख्य पद्धती. पहिल्यात भोक असलेलं अंड्यासारखं शिसं मुख्य दोऱ्यावर सरकतं ठेवतात, मग स्विव्हल, म्हणजे पीळ न पडू देणारी फिरती कडी, आणि तिच्यापुढे दीड ते तीन फूट लीडर. शिसं वाळूवरून घसटत धुरळा उडवतं, आणि माशानं आमिष ओढलं तर दोरा शिशातून सरकतो, त्याला ओझं जाणवत नाही. दक्षिणेकडच्या उघड्या, संथ किनाऱ्यावर हे उत्तम.

दुसरी पद्धत तीन कड्यांच्या स्विव्हलची, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत जास्त दिसते. एका कडीला मुख्य दोरा, दुसरीला तीन फुटांचा लीडर आणि आमिष, तिसरीला सहा ते दहा इंचांच्या आखूड दोऱ्यावर शिसं. हा आखूड दोरा मुद्दाम कच्चा घ्यायचा. शिसं खडकात अडकलं तर फक्त तोच तुटतो, बाकीची मांडणी वाचते. शिसं तळ चाचपत जातं आणि आमिष त्याच्या मागे, वाळूच्या थोडं वर तरंगत येतं. जिथे प्रवाह जोराचा आहे तिथे मी हीच पद्धत घेतो.

शिसं किती? तळ लागेल इतकंच. खाडीत दोन-चार औंस पुष्कळदा पुरतात, पाणी जोरात असलं की सहा-आठही लागतात. दोरा पाण्यात शिरताना साधारण ४५ अंशांपेक्षा जास्त आडवा होत असेल तर शिसं कमी पडतंय. आमिष खाली सोडताना रीळ मोकळं सोडू नका. अंगठ्यानं आवरत, सावकाश. भसकन सोडलं की शिसं पुढे जातं, सार्डिन मागे राहते आणि लीडर मुख्य दोऱ्याभोवती गुंडाळला जातो. अशी गुंडाळी वरून कळत नाही.

पाणी आणि होडी

होडी प्रवाहाबरोबर वाहू द्यायची, ताशी एखाद्या मैलाच्या आसपास. फार जलद गेली तर सार्डिन फरफटते. म्हणून खाडीत उधाणाच्या दिवसांपेक्षा भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी सौम्य असण्याचे, दिवस बरे, आणि कोणत्याही दिवशी भरती-ओहोटी फिरताना पाणी मंदावतं त्याच्या मागचा-पुढचा वेळ बरा. वारा ढकलत असेल तर पाण्यात कापडी पिशवीसारखा ‘ड्रिफ्ट सॉक’ टाकून होडीला अडवतात. वसंतात मासे उथळ पाण्यात येतात. मार्च ते ऑगस्ट ह्या काळात पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या रात्री ग्रुनियन नावाचे छोटे मासे अंडी घालायला वाळूवर येतात, आणि त्यांच्या मागावर हॅलिबट किनाऱ्याला लागतो.

चावा

हॅलिबट येण्याआधी पुष्कळदा आमिषच सांगतं. एका लयीत पोहणारी सार्डिन अचानक थरथरायला लागते. काठीच्या टोकाला बारीक कंप येतो. मग एक-दोन ‘टक, टक’, आणि त्यानंतर नुसतं जडपण, ओलं पोतं लागल्यासारखं. ह्या क्षणी हात आपोआप वर जातो. तो आवरा. काठीचं टोक खाली, माशाच्या दिशेनं न्या आणि दोऱ्याला ढील द्या. एकच गळ असेल तर सात-आठ आकडे मोजा, म्हणजे त्याला घास फिरवायला वेळ मिळेल. ट्रॅप रिग असेल तर दोन-तीन पुरेत. जास्त थांबलात तर गळ पोटात जातो. मग झटका न देता काठी रुंद कमानीत उचलत रीळ फिरवा.

तो निसटला आणि आमिष जिवंत असेल तर लगेच वर ओढू नका. पुन्हा तळाला लावून थांबा. बरेचदा तो तिथेच असतो आणि परत येतो. आला नाही तर वर काढून सार्डिन नीट बघा. रेघा कुठून कुठपर्यंत आहेत? शेपटीच्या टोकालाच असतील तर मागचा गळ बोटभर आणखी मागे न्या. मध्यभागी असतील तर तुम्ही घाई केलीत. डोक्यापर्यंत असतील तर गळाची धार तपासा.

लागलेला हॅलिबट वर येताना शांत येतो, आणि हाच धोका. पृष्ठभागाजवळ होडी दिसली की तो उलटून खाली सूर मारतो. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, थोडा सैल ठेवा आणि त्याचं डोकं पाण्याबाहेर उचलू नका. डोकं हवेत गेलं की तो जोरजोरानं झटकतो आणि ट्रेबल मोकळा होतो. जाळं आधी पाण्यात बुडवून धरायचं आणि मासा डोक्याकडून त्यात आणायचा. शेपटीकडून जाळं घातलं तर तो पुढे पळून जातो. कॅलिफोर्नियात समुद्रात होडीवरून मासे धरताना किमान १८ इंच व्यासाचं जाळं जवळ असणं कायद्यानंच बंधनकारक आहे. १६ वर्षं पूर्ण झालेल्यांना परवाना लागतो, सार्वजनिक धक्क्यावरून मासे धरताना तो लागत नाही. दिवसाला किती मासे ठेवता येतात ती मर्यादा मध्य कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या पॉइंट सर ह्या टोकाच्या उत्तरेला आणि दक्षिणेला वेगळी आहे आणि ती बदलत असते, म्हणून निघण्याआधी राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाचे चालू नियम वाचून घ्या.

२२ इंच भरतील की नाही अशी शंका आली तर मासा जाळ्यातच, पाण्यात ठेवून आधी मोजपट्टी काढा. ओल्या हातांनी, दोन्ही तळव्यांवर आडवा पेलून मोजा. कल्ल्यात बोटं घालू नका. ह्या जातीत माद्या नरांपेक्षा मोठ्या होतात आणि उशिरा वयात येतात, म्हणजे मापाच्या जवळ आलेला शॉर्ट ही अजून अंडी घालायची असलेली मादी असू शकते. गळ खोल गेला असेल तर ओढाताण करू नका, लीडर तोंडाजवळ कापून सोडून द्या.

मासा ठेवला किंवा सोडला, नवीन सार्डिन घेण्याआधी लीडर दोन बोटांच्या चिमटीतून गळापासून वरपर्यंत ओढून पाहा. दात लागले असतील तिथे तो खरखरीत लागतो. तेवढा फूटभर कापून टाका आणि दोन्ही गळ पुन्हा बांधा, मधलं अंतर टाकीतल्या पुढच्या सार्डिनवर मोजून.